चॉकलेट-पेयाचा मोफत गेम : कारागिरी अव्वल, तरी एकच तारा

गेम्सची चाचणी करणं हे माझं रोजचं काम. भाच्याच्या टॅबवर हा सशाचा गेम दिसला तेव्हा सवयीने आधी कारागिरीच तपासली. ती खरोखर अव्वल आहे. ससा बोटाखाली अलगद पळतो, जुन्या टॅबवरही अडकत नाही आणि खेळताना मध्येच जाहिरात येत नाही. आईबाप तेवढ्यावरच निर्धास्त होतात. पण एका साखरेच्या पेयाच्या कंपनीने हा अख्खा गेमच जाहिरात म्हणून बनवून घेतलाय.

धावून दमला की ससा कान पाडतो, जीभ बाहेर काढतो आणि मुलाकडे बघत उभा राहतो. त्याला पुन्हा पळवायचा उपाय एकच, जांभळी बाटली. आकार, झाकण, वरचं चित्र, सगळं दुकानातल्या बाटलीबरहुकूम. वाटेत ओढा लागतो, डबकी लागतात. ससा त्यांच्यावरून उड्या मारतो, तोंड लावत नाही. मी तिथे रेंगाळले तर भाचा समजावून सांगायला लागला, "मावशी, त्याला पाणी चालत नाही गं." तो सात वर्षांचा आहे. दमलं की काय प्यायचं हे त्याच्या मनात असं पक्कं बसलंय आणि ते कुणी मुद्दाम शिकवलं असं त्याला वाटतही नाही. टीव्हीवरची जाहिरात निदान संपते तरी. इथे तो स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा बाटली उचलतो आणि दर वेळी ससा आनंदाने नाचतो.

पुढचं जग उघडायचं तर उद्यापर्यंत थांबा, नाहीतर खऱ्या बाटलीच्या झाकणातला कोड स्कॅन करा. त्या एका बाटलीत वरून घातलेली साखर 26 ग्रॅम, लेबलवरच लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर दिवसभरात साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि तोही हिशेब मोठ्या माणसाचा.

वयाची अट नावापुरती आहे. सात टाकलं की दार बंद, मागे जाऊन वीस टाकलं की उघडं. आमच्याकडे ही चूक पहिल्याच फेरीत पकडली जाते, त्यामुळे ती नजरेतून सुटली असेल यावर माझा विश्वास नाही. शाळा सुटायच्या सुमाराला नोटिफिकेशन येतं, ससा वाट बघतोय म्हणून. कंपनीचं नाव सेटिंग्जच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत. सात वर्षांचं मूल तिथवर जात नाही, आणि गेलं तरी त्याचा अर्थ त्याला लागत नाही.

ताई म्हणाली, बाटलीच्या जागी गाजर ठेवलं असतं तर? मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 9 ते 11 वर्षांच्या 176 मुलांना लोकप्रिय व्हिडिओ-ब्लॉगरांची सोशल मीडियावरची चित्रं दाखवली. ज्यांना त्यांच्या हातात अरबट-चरबट खाऊ दिसला, ती मुलं इतर वस्तू पाहणाऱ्या मुलांपेक्षा एकूण 26 टक्के जास्त कॅलरी खाऊन गेली. पौष्टिक खाऊ दिसलेल्यांनी मात्र पौष्टिक काही जास्त खाल्लं नाही. तेव्हा नुसत्या गाजराने हे निस्तरणार नाही, बाटली काढावीच लागेल. चिलीमध्ये 2016 पासून जास्त साखरेच्या पदार्थाच्या वेष्टनावर असं कार्टून छापायलाच मनाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सगळ्या वयाच्या मुलांसाठी सक्तीचे नियम करा असं सांगितलंय, कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नका म्हणून.

ज्यांनी हा गेम घेतलाय त्यांच्यासाठी एक सूचना. नुसतं ॲप काढून भागत नाही, मुलाचं प्रोफाइल आणि स्कॅन केलेल्या बाटल्यांची नोंद तशीच राहते. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'खातं हटवा' दाबा, मेलवर आलेल्या लिंकने ते पक्कं करा आणि मगच ॲप काढा.