मॉडबस आरटीयू: मीटरांसाठी पैसा वसूल, सर्व्होसाठी नाही

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातल्या शेडमधला एनर्जी मीटर, टेम्परेचर कंट्रोलर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) तपासा. आरएस-४८५ चे, म्हणजे दोन तारांवरून डेटा नेणाऱ्या जोडणीचे, दोन टर्मिनल बहुधा सापडतीलच. त्या तारांवर उपकरणं ज्या भाषेत बोलतात तो प्रोटोकॉल म्हणजे मॉडबस आरटीयू. मॉडबस १९७९ चा, लायसन्स फी नाही. नुसती रीडिंग गोळा करायला याहून महाग काही घेणं म्हणजे उधळपट्टी.

वेगाचा हिशेब मात्र आधी मांडा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट जायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. दहा रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) वाचायला जाऊन-येऊन ३३ बाइट, म्हणजे ३८ मिलिसेकंद. मीटर उत्तराला लावतो तो वेळ वेगळा. वीस मीटरांची फेरी सेकंद-दीड सेकंदाची होते. त्यातला एक बंद पडला आणि टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) १ सेकंद, रिट्राय (पुन्हा विचारणं) ३ असतील, तर प्रत्येक फेरी चार सेकंदांनी लांबते. मग ‘स्क्रीन हँग झाली’ म्हणून ओरड!

खरी रडगाणी वायरिंगची. केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीनेच न्यायची, मधून फांद्या फोडायच्या नाहीत. १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर फक्त दोन टोकांना. काही पॅनलवाले हौसेने प्रत्येक पॅनलमध्ये लावतात आणि सिग्नल दबतो. सप्लाय बंद करून ए आणि बी या दोन तारांमध्ये मोजा: ६० ओहमच्या आसपास यायला हवेत, ३० आले तर कुठेतरी जास्तीचे आहेत. ए-बी ची नावं काही कंपन्या उलटी छापतात, म्हणून उत्तरच येत नसेल तर आधी वायरी अदलाबदल करून पाहा. मोटर केबलच्या ट्रेमधून ही केबल नेऊ नका. आकडे भलतेच येत असतील तर मॅन्युअलमधला ४०००१ म्हणजे प्रत्यक्षात पत्ता शून्य हे तपासा, नाहीतर फ्लोटचे (दशांश आकड्याचे) दोन वर्ड, म्हणजे दोन रजिस्टर, उलटे करा.

मशीनच्या आयओसाठी (इनपुट-आउटपुट) पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, ज्या घरचा त्याचाच प्रोटोकॉल घ्या: सिमेन्सला प्रोफिनेट, रॉकवेलला इथरनेट/आयपी. उगाच गेटवे (एका प्रोटोकॉलचं दुसऱ्यात भाषांतर करणारा डबा) मधे घालू नका. प्रोफिनेटचं मॉड्यूल बदललं की डिव्हाइस नेम द्यायचं राहतं आणि लाइन उभी राहते. इथरनेट/आयपीत मल्टिकास्ट (एकच डेटा एकदम अनेकांना) असेल तर आयजीएमपी स्नूपिंगचा, म्हणजे तो डेटा ज्यांना हवा त्याच पोर्टांना देणारा, स्विच हवा. इथरकॅट हा प्रोटोकॉल फक्त अनेक सर्व्हो (अचूक जागी फिरून थांबणाऱ्या मोटर) एका तालात चालवायचे असतील तरच.

तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच; शेड ते शेड फायबर टाका, वीज कडाडली तरी पोर्ट वाचतात. आणि ऑफिसातला स्विच पॅनलमध्ये नको. तो बहुधा ४० अंशांपर्यंतचाच असतो, अन् नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतात.