क्लॅट की सीईटी? बारावीनंतर वकिलीकडे वळताना

क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, सीईटी ही महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांची. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासक्रमासाठी यातली कोणती द्यायची, हा प्रश्न मला बहुतेक वेळा जूनमध्ये, बारावीचे वर्ग सुरू झाल्यावर विचारतात. तोवर क्लॅटला जेमतेम साडेपाच महिने उरलेले असतात. मी वकिली करते आणि रविवारी एका अभ्यासिकेत या दोन परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसोबत बसते. पालकांची घाई एकच असते, "ताई, कोणती द्यायची ते सांगा." दोन्ही द्याव्यात असं माझं मत आहे. पण पहिले सहा महिने कोणत्या परीक्षेला द्यायचे, हे मुलामुलीगणिक वेगळं ठरतं.

वरवर पाहता दोन्ही बहिणी-बहिणी वाटतात. क्लॅटला १२० प्रश्न आणि दोन तास. पाच वर्षांच्या लॉ सीईटीलाही आता १२० प्रश्न आणि दोन तास, पूर्वी १५० होते. विषयही तेच: इंग्रजी, चालू घडामोडी, तर्क, कायदा, थोडं गणित. म्हणून अनेक जण एकाच पुस्तकावर दोन्ही निभावून नेऊ म्हणतात आणि तिथेच फसतात.

क्लॅटमधला जवळजवळ प्रत्येक प्रश्न उताऱ्यावर असतो. एक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा आणि त्याखाली चार ते सहा प्रश्न. म्हणजे पेपरभर वीस-बावीस उतारे, ढोबळमानाने नऊ-दहा हजार शब्दांचं वाचन. मिनिटाला दोनशे शब्दांचा वेग धरला, तरी पाऊण तास ते पन्नास मिनिटं नुसती वाचण्यात जातात. उरलेल्या सत्तर मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे एकाला ३५ सेकंद. सगळं इंग्रजीत. क्लॅटची तयारी म्हणजे आधी वाचनाचा वेग, बाकीचं त्यानंतर. रोज इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा आणि खाली चार ओळींत लिहायचं की लेखकाचं म्हणणं काय. चार महिने हे नेटाने केलेल्या मुलांचा फरक मी पाहिला आहे, आणि तो नुसत्या इंग्रजीच्या विभागात नव्हे, पाचही विभागांत दिसतो.

सीईटीत असे लांब उतारे नाहीत. प्रश्न छोटे आणि थेट. इंग्रजीचा विभाग सोडला तर ते मराठीतूनही वाचता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही. मात्र इथे पाठांतर लागतं.

कायद्याच्या विभागात हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी होती, दहावीपर्यंत मराठी माध्यम, डोकं तल्लख. क्लॅटच्या सरावातला एक उतारा तिच्यासमोर होता. त्यात नियम दिलेला होता, की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्द, आणि त्याने वय खोटं सांगितलं असलं तरी फरक पडत नाही. प्रश्नातल्या सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून चाळीस हजार उसने घेतले होते. देणाऱ्याला करारावर पैसे मागता येतील का? तिने पटकन "येतील" वर खूण केली. मी विचारलं, का? "त्याने फसवलं ना, ताई!" मी म्हटलं, हे उताऱ्यात कुठे लिहिलंय ते दाखव. तिने ओळीखाली बोट ठेवून सगळा उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या वाक्यापाशी थांबली आणि खूण बदलली.

क्लॅटला एवढंच हवं असतं: स्वतःची न्यायबुद्धी बाजूला ठेवून दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावणं. कायदा आधीपासून पाठ असण्याची गरज नाही. सीईटी मात्र सरळ विचारते. संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून कोणत्या घटनादुरुस्तीने गेला? ४४ वी, १९७८. केशवानंद भारती खटल्याचा निकाल कधीचा? १९७३. ऑडी आल्टेरम पार्टेम म्हणजे काय? दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या. उत्तर माहीत असेल तर दहा सेकंद पुरतात. नसेल तर दहा मिनिटं दिली तरी उपयोग नाही.

इथे एक कळकळीची सूचना. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणणं चांगलंच, मीही तिथूनच आणली होती. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या पुस्तकात खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ दिसेल, आता ते १०३ आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पुस्तकाचं प्रकाशन वर्ष बघूनच पैसे द्या.

आता गुणांचा हिशेब. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, सीईटीत काहीच कापत नाहीत. त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेल्या सगळ्यांवर काही ना काही खूण झालीच पाहिजे. क्लॅटच्या बाबतीत मात्र मुलं पाव गुणाला नको इतकी घाबरतात. चार पर्यायांतला एक डोळे झाकून निवडला तरी सरासरीने तोटा होत नाही, किंचित फायदाच असतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतून निवडण्याची सरासरी कमाई प्रश्नामागे ०.३७५ गुण. म्हणजे अशा आठ प्रश्नांवर तीन गुण. क्लॅटमध्ये तीन गुणांनी क्रमांक शेकड्यांनी सरकतो. उताराच न वाचलेला प्रश्न सोडला तरी चालेल, पण दोन पर्याय कापून झालेला प्रश्न सोडू नका.

क्लॅट अजून कागदावर होते. ओएमआर पत्रिकेवर पेनने गोल भरायचे, खोडता येत नाही. सीईटी संगणकावर, तिथे उत्तर बदलता येतं. घरी सराव करताना क्लॅटचा पेपर छापून घ्या आणि प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोल भरा. सगळे गोल शेवटी भरू म्हणणाऱ्यांची एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं.

गुण वाढत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची सराव परीक्षांची संख्या मी विचारते. चाळीस, पन्नास. मग चुकांची वही मागते. ती नसते. एक साधी वही करा: प्रश्न, मी काय निवडलं, बरोबर काय, आणि का चुकलं. "का"च्या रकान्यात तीनच शब्द चालतात, "माहीत नव्हतं", "नीट वाचलं नाही", "घाई". वर सांगितलेल्या मुलीच्या वहीत तीन आठवड्यांनी दिसलं, की क्लॅटच्या निम्म्याहून अधिक चुका "नीट वाचलं नाही" मधल्या होत्या आणि सीईटीच्या जवळजवळ सगळ्या "माहीत नव्हतं" मधल्या. एकाच मुलीला दोन परीक्षांसाठी दोन औषधं लागणार, हे त्या दिवशी तिलाच दिसलं.

मग निवड कशी करायची? राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर क्लॅटला पर्याय नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा तेवढी वेगळी आहे. आपल्याकडची मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विद्यापीठंही क्लॅटमधूनच भरतात आणि तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. डोमिसाइल दाखला आधीच काढून ठेवा. पण या विद्यापीठांचं वर्षाचं शुल्क लाखांत जातं, ते घरात बसून मोकळेपणाने बोला. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. दोन्हींची वाट सीईटीतून जाते, आणि शासकीय महाविद्यालयात शिक्षण अगदी थोड्या पैशांत होतं. जून १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले होते. सीईटीला दुय्यम समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

इंग्रजी वाचनाची सवय असेल आणि अकरावीतच ठरलं असेल, तर क्लॅट आधी धरा. तिच्या तयारीतून सीईटीचा तर्क, इंग्रजी आणि बऱ्याच चालू घडामोडी आपोआप होतात, मागे उरते फक्त कायद्याची माहिती. उलटं मात्र होत नाही. सीईटीची तयारी क्लॅटला फारशी पुरत नाही. वाचन हळू असेल, मराठीत विचार पक्का होत असेल किंवा निर्णयच ऑक्टोबरात झाला असेल, तर सीईटीवर जोर द्या. क्लॅटचा अर्ज जमत असेल तर अनुभवासाठी भरा, पण सर्वसाधारण गटाला ४,००० रुपये पडतात, हेही धरून चाला.

वेळापत्रकाचंही बघा. क्लॅट अलीकडे डिसेंबरच्या सुरुवातीला होते आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असते. क्लॅट कशीही गेली तरी दुसऱ्या दिवसापासून फेब्रुवारीपर्यंत बोर्डाचाच अभ्यास. सीईटी बोर्डानंतर येते, साधारण एप्रिल-मेमध्ये. मधले पाच-सहा आठवडे राज्यघटना, महत्त्वाचे खटले, लॅटिन वचनं आणि वर्षभराच्या घडामोडी यांना द्या. त्या मुलीने तेच केलं. रोज सकाळी वीस कलमं, संध्याकाळी आईला तोंडी परीक्षा. आई शिवणकाम करता करता पुस्तक समोर धरून विचारायची, "कलम एकवीस?" आणि उत्तर आल्याशिवाय मशीन पुढे चालवायची नाही.