चेंबर्स डिक्शनरी: परीक्षेसाठी नको, मजेसाठी घ्या

इंग्लिशमधले कुणी कधी वापरत नाही असले शब्द वाचायला ज्यांना आवडतं त्यांनी चेंबर्स घ्यावीच, हे माझं स्पष्ट मत. शाळेतली छोटी डिक्शनरी सगळ्यांच्या घरात असते, ती कामाची आहे, पण तिच्यात रमता येत नाही. चेंबर्स मूळची एडिनबराची, १९०१ पासूनची, आणि स्पेन्सर-शेक्सपियरच्या काळातले कधीच वापरातून गेलेले शब्द, स्कॉटलंडकडचे खेड्यातले शब्द, सगळं तिनं जपून ठेवलंय. ब्रिटनमधले क्रॉसवर्डवाले हिच्यावर जीव टाकतात ते उगीच नाही.

आता टगर्म हा शब्द बघा, स्कॉटलंडचा. अर्थ काय, तर बैलाच्या कातड्यात गुंडाळून घेऊन धबधब्यामागं पडून राहायचं आणि पुढं काय घडणार ते जाणून घ्यायचं! एवढं सगळं दोनेक ओळीत सांगून डिक्शनरी शांतपणे पुढच्या शब्दाकडं जाते. माझ्या डोळ्यापुढं गोकाकचा धबधबाच आला, घटप्रभेचं पावसाळ्यातलं तांबडं पाणी आणि त्याच्या मागं कातडं पांघरून कोणतरी पडलाय. जेवताना आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "आपण देवाला फुलं लावून कौल घेतो की, तसंच हे, फक्त भिजायचं काम जास्त."

दुसरा माझा आवडता अल्ट्राक्रेपिडेट, म्हणजे आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यावर टीका करणं. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार होता, त्याच्या चित्रातल्या चपलेची चूक एका चांभारानं दाखवली, त्यानं ती सुधारली, मग दुसऱ्या दिवशी तो चांभार पायालाच नावं ठेवायला लागला तसा अपेलीस म्हणाला, तू चपलेच्या वर जाऊ नकोस. लॅटिनमधे क्रेपिडा म्हणजे चप्पल. पण आमच्या अथणीच्या चपला करणाऱ्यांना विचाराल तर पाय कसा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, माझं मत चांभाराच्याच बाजूनं.

आणि अर्थ लिहिणारे पण रसिक. एक्लेअर म्हणजे आकारानं लांब पण टिकायला अल्पकाळ असा केक, असं चक्क छापलंय!

आता अडचणी. एका मूळ शब्दाच्या पोटातच त्याच्यापासून झालेले शब्द, वाक्प्रचार सगळे घातलेत, त्यामुळं घाईत एखादा शब्द शोधायचा तर सापडत नाही, मात्र निवांत बसलात की अख्खं खानदान एका जागी भेटतं आणि मला तर तेच आवडतं. अक्षर बारीक आहे. वाक्यात कसा वापरायचा याची उदाहरणं फार कमी, म्हणून दहावी-बारावीच्या पोरांना किंवा स्पोकन इंग्लिशवाल्यांना ही देऊ नका, ती बिचारी कंटाळतील. कागद पातळ, आणि बेळगावच्या पावसात जुलै-ऑगस्टला पानं अशी सादळतात की दोन-दोन एकदम उलटतात. मी ती कपाटात वरच्या फळीवर आडवी ठेवतो, उभी ठेवली तर वजनानं पाठ सुटते.

नवी महाग पडते, सेकंड हँड मिळाली तर सोडू नका, शब्द तेच आहेत. फक्त घेताना शेवटची पानं उघडून बघा, झेडकडची पानं आधी सुटतात, माझ्या प्रतीत तिथं चिकटपट्टी लावलीय.