ज्युनो-१०६: सहा आयसींचं बिल आणि आत निघालेला माल

रोलंड कंपनीचा ज्युनो-१०६ हा सिंथेसायझर (सिंथ) तुमच्याकडे असेल आणि त्याचा एखादा व्हॉइस, म्हणजे एक सूर वाजवणारा आतला भाग, खरखरायला लागला असेल, तर तो कुणाच्या हवाली करण्याआधी हे वाचा. एका दुरुस्तीवाल्याने मला ४२ हजारांची टोपी घातली. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण वाद्यातले धडधाकट आयसी त्याने काढून घेतले, त्याचा संताप जास्त आहे. माझी तक्रार अजून चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याने काय केलं आणि ते कसं पकडलं, एवढं मात्र सगळं लिहितो.

हा सिंथ माझ्या काकांचा. आखातातून परतणाऱ्या एका स्नेह्याकरवी त्यांनी तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मागवला आणि पुढे वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात वाजवला. गणपतीतले कार्यक्रम, गॅदरिंग, तिकिटाचे शो, सगळीकडे. व्हायोलिनवाल्यांचा ताफा परवडायचा नाही, तिथे ज्युनोचे स्ट्रिंग्ज कोरस (आवाज रुंद, भरदार करणारा इफेक्ट) लावून वाजले की मागच्या रांगेपर्यंत भरून यायचं. सनईच्या जवळ जाणारा एक आवाज त्यांनी स्वतः स्लायडर हलवत हलवत बसवला होता.

आता बिघाडाविषयी, कारण फसवणुकीची सगळी मेख इथेच आहे. ज्युनो-१०६ हा १९८४ सालचा. एका वेळी सहा सूर वाजतात, म्हणजे आत सहा स्वतंत्र व्हॉइस आहेत आणि प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाचा एक आयसी आहे. त्या व्हॉइसचा फिल्टर आणि अँप्लिफायर दोन्ही त्याच्याच पोटात. कारखान्यातच त्याच्यावर राळेसारखा काळपट लेप दिलेला असतो. तीन-चार दशकांनी तो लेपच घात करतो. त्याच्यातून वीज झिरपायला लागते आणि मग सूर कुरकुरतो, मध्येच गायब होतो, नाहीतर पट्टी सोडली तरी मागे गुणगुणत राहतो. एकेक पट्टी दाबत गेलं की दर सहावा सूर बिघडलेला लागतो.

नेमका कुठला व्हॉइस गेला हे घरबसल्या कळतं. ‘की ट्रान्सपोज’चं बटण दाबून धरायचं आणि सिंथ चालू करायचा. तो चाचणीच्या मोडमध्ये जातो आणि पट्टी दाबली की छोट्या डिस्प्लेवर व्हॉइसचा आकडा उमटतो. माझ्याकडे प्रत्येक वेळी ४ आला की खरखर. बाकीचे पाच स्वच्छ. मी हे त्या माणसाला तोंडी सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

त्याने सिंथ ठेवून घेतला आणि मग आज या, उद्या या सुरू झालं. काय चाललंय विचारलं तर ताकास तूर लागू देईना. शेवटी त्याचाच फोन आला: सहाच्या सहा आयसी गेलेत, जपानहून मागवावे लागतील, मेमरीचा आयसीही उडालाय. मी म्हटलं, पाच व्हॉइस तर चांगले वाजत होते. त्यावर उत्तर, ‘साहेब, आज वाजतात, उद्या नाही वाजणार. एकदाच काय ते करून टाका.’ हे वाक्य लक्षात ठेवा. त्यात थोडं तथ्य आहे, बाकीचेही आयसी कधीतरी जातातच, म्हणून ऐकणाऱ्याला ते पटतं. बिल असं होतं: सहा नवीन आयसी ३० हजार, मेमरी आयसी ६ हजार, कॅलिब्रेशन (सगळे व्हॉइस एकसारखे जुळवणं) ६ हजार. जुने आयसी मागितले तर म्हणाला, ‘ते आम्ही लगेच टाकून देतो.’

घरी आणून वाजवला तेव्हा पहिली शंका कोरसमुळे आली. ज्युनोचा कोरस म्हणजे मऊ, रुंद हेलकावा. त्याच्यासाठीच लोक हे वाद्य सांभाळून ठेवतात. इथे सूर चक्क वरखाली डोलत होता, बेसूर वाटण्याइतका. मग रेझोनन्स, म्हणजे फिल्टरची धार वाढवणारा स्लायडर, पूर्ण वर नेला. तसं केलं की या सिंथचा फिल्टर स्वतःच शीळ घालतो, आणि कॅलिब्रेशन नीट असेल तर सहाही व्हॉइसची शीळ एकसारखी येते. माझ्याकडे सहा जणांच्या सहा तऱ्हा. ६ हजार ज्या कामाचे घेतले त्या कामाला त्याने स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लावलेला नव्हता.

मुंबईत जुनी वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे नेला. त्यांनी माझ्या देखत झाकण उघडलं, दिवा जवळ घेतला आणि मलाच बघायला लावलं. ८००१७एच्या जागी आज जे नवीन आयसी मिळतात ते नव्याने बनवलेले पर्यायी, छोट्याशा आधुनिक सर्किट बोर्डावरचे. ते पाहताक्षणी वेगळे ओळखू येतात. तसा फक्त एक होता, चार नंबरला. उरलेल्या पाच जागी जुनेच ८००१७ए होते, लेप खरवडलेले. आतली फिकट पट्टी उघडी पडलेली, आणि कडेच्या पिनांच्या बेचक्यात काळ्या लेपाचे कण तसेच अडकलेले. ॲसिटोनमध्ये भिजत घातलं की तो लेप फुगून सुटतो आणि पुष्कळदा आयसी पुन्हा चालतो. हा उपाय खरा आहे, जगभर करतात, मला त्याच्याबद्दल काहीच आक्षेप नाही. पण बाटलीभर ॲसिटोनचं काम करून पाच नव्या आयसींचे पैसे घेणं ही उघड लूट आहे.

कोरसचा प्रकार याहून वाईट. ज्युनो-१०६च्या कोरसमध्ये एमएन३००९ हे दोन आयसी असतात, आवाज किंचित उशिरा पुढे सोडणारे. मूळ जपानी कंपनीने ते बनवणं कधीच थांबवलं, त्यामुळे अस्सल जोडीला चांगला भाव येतो. मी पूर्वी स्लायडर साफ करताना आतले फोटो काढले होते. त्यांत हे दोन्ही थेट बोर्डावर सोल्डर केलेले दिसतात. आता तिथे सॉकेट होते आणि सॉकेटमध्ये चकाचक आयसी. नाव तेच, एमएन३००९. त्या गृहस्थांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून एकाच्या पाठीवरून फिरवला. पांढरी अक्षरं पुसली गेली, बोळा काळा झाला आणि खाली पॉलिश पेपरने घासल्याचे आडवे ओरखडे दिसले. जुनं नाव घासून, काळा रंग देऊन, वर नवं नाव छापलेलं. आवाज का डोलतो तेही त्यांनी सांगितलं. एमएन३००९मध्ये सिग्नल २५६ टप्प्यांतून पुढे सरकतो. त्याच घरात बसणारे १०२४ टप्प्यांचे आयसीही येतात. टप्पे चौपट म्हणजे उशीर चौपट, आणि सुराचं वरखाली होणंही चौपट. माझ्या तक्रारीत कोरसचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो उत्तम चालत होता, म्हणूनच काढला.

मेमरी आयसीला तर कुणी हातही लावलेला नव्हता. बदलला होता तो फक्त सीआर२०३२ सेल, जो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. १२८ आवाज त्या सेलवर टिकून असतात. आधी उतरवून न ठेवता सेल काढला की सगळे पुसले जातात. काकांचे आवाज असेच गेले. सुदैवाने ज्युनोला कॅसेटवर आवाज साठवायची सोय आहे आणि काकांनी एक कॅसेट भरून ठेवली होती. ती लोड झाली. सनईचा आवाज मात्र त्यानंतरचा, तो कॅसेटवर नव्हता.

जाब विचारला तेव्हा आधी ‘सगळं ओरिजिनल आहे’, मग ‘कारागिराने केलं असेल’, आणि मग फोन उचलणंच बंद. मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत बिलाची प्रत, आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि मुंबईच्या गृहस्थांनी सहीनिशी लिहून दिलेली तपासणी. नोटीस मिळाल्यावर १५ हजार परत आले. आयसींबद्दल अक्षर नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

ज्यांचा सिंथ आत्ता कुठे दुरुस्तीला पडून आहे त्यांनी आजच जाऊन झाकण उघडायला लावा आणि फोटो काढा. ज्यांना द्यायचाय त्यांनी व्हॉइसचा नंबर आणि ‘काढलेले सर्व पार्ट परत देणे’ हे दोन्ही पावतीवर लिहून घ्या, त्याची सही घ्या. लिहून द्यायला जो नाही म्हणेल त्याच्या दुकानातून वाद्य उचलून बाहेर पडा. त्याच माणसाकडे माझ्या ओळखीच्या दोघांची वाद्यं आहेत, एकाचा जेएक्स-३पी (हाही रोलंडचाच सिंथ) आणि एकाचा ज्युनोच. दोघांनाही फोन करून सांगितलं आहे. ज्युनोवाला उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला तिथे जातोय, आणि मी त्याच्यासोबत जाणार आहे.