भूमिका आधी की शेवटी? वैचारिक निबंधाच्या दोन मांडण्या

यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन विभागांतून एकेक असे दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्दांचे आणि 125 गुणांचे. म्हणजे एका निबंधाला दीड तास. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली. त्यामुळे भूमिका, म्हणजे विषयावरचे आपले मत, आधी मांडायची की शेवटी, हे सरावातच ठरवलेले बरे.

'उसाला ठिबक सिंचन सक्तीचे असावे का?' हा विषय घेऊ.

भूमिका शेवटी ठेवली की आधी फायदे येतात, मग अडचणी, मग मत. हे सगळे कशासाठी चालले आहे, ते तपासणाऱ्याला सहाव्या परिच्छेदापर्यंत कळत नाही. शिवाय वेळ संपत आला की कात्री लागते ती नेमकी मतालाच. मग हाती उरते ते असे: 'असे म्हणावेसे वाटते की ठिबकची सक्ती काही अंशी योग्य ठरू शकेल.'

भूमिका आधी घेतली तर पहिल्याच परिच्छेदात लिहावे लागते: 'उसाला ठिबक सक्तीचे करावे, पण अनुदान हातात पडल्यावरच.' अकरा शब्दांऐवजी आठ, आणि 'काही अंशी' म्हणजे किती, हे कोडेही उरत नाही. अट उघड आहे. पुढचे परिच्छेदही याच वाक्यातून निघतात. सक्ती का? पाटपाण्याने सरी भरली की बरेच पाणी मुळांखाली निचरून जाते आणि जमीन क्षारपड होते. अनुदान आधी का? संचाचा खर्च लागवडीच्या वेळी येतो, उसाचे पैसे मात्र तोडणीनंतर.

या मांडणीत धोका एकतर्फीपणाचा. दोन कारणे झाली की सर्वांत कडक आक्षेप पूर्ण ताकदीने लिहावा: शेतीला वीज बऱ्याचदा रात्री येते, विजेशिवाय पंप नाही, पंपाशिवाय ठिबकला दाब नाही. 'हे खरे आहे' म्हणून मग उत्तर द्यावे. लुटुपुटूचा आक्षेप खोडला तर ते लगेच कळते.

आमचा कौल धोरणात्मक विषयांसाठी भूमिका आधी घेण्याला. एखाद्या सुविचारावरचा चिंतनपर विषय असेल तर भूमिका शेवटी शोभते, कारण तिथे अर्थ उलगडत जायचा असतो.

कर्ता लपवणारी क्रियापदे मात्र दोन्हीकडे घात करतात. 'अनुदान देण्यात यावे' यात कोणी आणि केव्हा, हे दोन्ही हरवते. 'कृषी विभागाने लागवडीआधी अनुदान द्यावे' असे लिहावे.

भूमिकेचे वाक्य आधी कच्च्या पानावर उतरवावे. पंधरा मिनिटांत ते जमले नाही, तर त्या विभागातल्या चार विषयांपैकी दुसरा घ्यावा.