आर्गपार्स की क्लिक: पायथॉनमध्ये कमांड लाइन टूल लिहिताना

आर्गपार्स आणि क्लिक या दोन्ही कमांड लाइनवर दिलेले ऑप्शन वाचणाऱ्या पायथॉन लायब्ररी; क्लिक वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. सर्व्हरवर एकच फाइल टाकायची आहे आणि पिप (पायथॉनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) चालवायची परवानगी नाही, असं असेल तर आर्गपार्स घ्या आणि कामाला लागा. ते 2.7 पासून पायथॉनसोबतच येतं. हेल्पचा मजकूर, सबकमांड, चुकीच्या इनपुटवर एक्झिट कोड 2 (टूल बंद होताना परत देतं तो आकडा), हे दोन्हीकडे व्यवस्थित आहे. त्यावरून निवड करू नये असं मला वाटतं.

माझं मत ठरलं ते आर्गपार्सच्या एका सोयीमुळे. लांब ऑप्शनचं अर्धवट नाव दिलं तरी ते चालवून घेतं. आमच्या टूलमध्ये `--आउटपुट` होतं आणि कुणाच्या तरी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये) नुसतं `--आउट`. कित्येक महिने सुरळीत चाललं. मग `--आउटपुट-फॉरमॅट` हा नवा ऑप्शन आला, `--आउट` दोघांनाही जुळायला लागलं आणि जॉब बंद पडला. बंद पडला हे बरंच म्हणायचं. `--फोर्स` आणि `--फोर्स-ऑल` असे दोन फ्लॅग असतील आणि नव्या व्हर्जनमध्ये तुम्ही पहिला काढून टाकलात, तर जुन्या स्क्रिप्टमधला `--फोर्स` कसलीही तक्रार न करता `--फोर्स-ऑल` म्हणून चालतो. फायली डिलीट करणाऱ्या टूलमध्ये मला ही जोखीम नको.

हे बंद करता येतं, 3.5 पासून `अलाउ_अ‍ॅब्रेव्ह=फॉल्स` आहे. पण 3.8 च्या आधी त्यामुळे `-व्हीव्ही` असे जोडून लिहिलेले छोटे फ्लॅगही बंद व्हायचे. शिवाय मुख्य पार्सरला सांगितलं म्हणून सबकमांडचे ऑप्शन वाचणाऱ्या सबपार्सरला कळत नाही, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. दहा सबकमांडच्या टूलमध्ये एखादी सुटतेच.

क्लिक पूर्ण नाव मागतं. `--आउट` दिलंत तर थांबतं आणि `--आउटपुट` म्हणायचं होतं का, असं विचारतं. टेस्टसाठी टूल चालवून पाहणारा रनरही सोबत मिळतो, त्यामुळे सबप्रोसेस (वेगळी प्रोसेस) न उघडता आउटपुट आणि एक्झिट कोड तपासता येतो. क्लिकमध्ये फंक्शनच्या वर `@` लावून लिहाव्या लागणाऱ्या डेकोरेटरची रास काहींना खटकते, ते मी समजू शकतो. आणखी एक अडचण म्हणजे एका ऑप्शनपुढे हव्या तितक्या व्हॅल्यू लिहिता येत नाहीत. `--टॅग` दर वेळी नव्याने द्यावा लागतो. फायलींची लांब यादी घ्यायची असेल तर ती पोझिशनल आर्ग्युमेंट म्हणून (ऑप्शनच्या नावाशिवाय) घ्या, तिथे क्लिकला `एनआर्ग्स=-1`, म्हणजे हव्या तितक्या व्हॅल्यू, चालतं.