शाकाहारी मैत्रिणीसोबत जपानी जेवण: तिचा रामेन माझ्यापेक्षा भारी निघाला

मी मासे, चिकन सगळं खाते. मैत्रीण शाकाहारी, अंडं चालतं पण मासा अजिबात नाही. त्यामुळे जपानी खायला जायचं म्हटलं की आमची गाडी दरवेळी दाशीपाशी अडते. दाशी म्हणजे तिकडच्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया असलेलं पाणी, बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी घालून केलेलं, आणि कात्सुओबुशी म्हणजे मासा. उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि मग रंध्यावर किसल्यासारखा त्याचा पातळ कीस काढतात. हा कीस पाण्यात टाकून गाळून घेतला की मासा कुठे दिसतच नाही, म्हणून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, अगेदाशी टोफू म्हणजे सॉसमध्ये दिलेला तळलेला टोफू, सोबा नूडल्सचं सॉस हे सगळं मेनूत बिनधास्त 'व्हेज'खाली छापलेलं असतं. याआधी एका ठिकाणी तिने असंच सूप अर्धं प्यायल्यावर कळलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती जपानी म्हटलं की नकोच म्हणायची.

तर या वेळी गेलो ती जागा अगदी साधी, सात-आठ टेबलं, किचनसमोर एक लांब काउंटर, दाराला नोरेन म्हणजे जपानी कापडी पडदा. आम्ही काउंटरवर बसलो. तिने अगेदाशी टोफू सांगितला आणि ऑर्डर घेणारा मुलगा लगेच म्हणाला, तुम्ही मासा खात नसाल तर हा नका घेऊ, याच्या सॉसमध्ये कात्सुओबुशी आहे. आम्ही विचारलं पण नव्हतं! तिने नुसतं "व्हेजमध्ये काय आहे" एवढंच म्हटलं होतं. मग त्याने स्वतःहून सांगितलं की टेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेला प्रकार, भाज्यांचा असला तरी कोळंबी त्याच तेलात तळतो, व्हेज ग्योझा (मोमोसारखे डंपलिंग) वेगळ्या तव्यावर होतात, आणि मिसो रामेनसाठी (रामेन म्हणजे सूपमधल्या गव्हाच्या नूडल्स) कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची वेगळी दाशी रोज करतो. मी तर तिथेच खूश झाले, कारण मेनूवर हिरवा ठिपका छापायला काही लागत नाही, पण तेलापर्यंतचं खरं सांगायला किचनमध्ये काय चाललंय ते माहीत असावं लागतं आणि एखादी ऑर्डर गेली तरी चालेल असं वाटावं लागतं.

ग्योझा मस्त होते, खालून कुरकुरीत वरून मऊ, कोबी नीट पिळून घेतलेला त्यामुळे आत पाणी सुटलेलं नाही. एवढंच.

आता रामेन. माझा चिकनचा शोयू म्हणजे सोया सॉसचा, तिचा मिसो. माझा बाऊल आधी आला आणि मी तिच्यासाठी थांबले तर तीच म्हणाली, अगं खा तू, नूडल्स फुगतील. बरोबर होतं तिचं, रामेन थांबत नाही. त्या नूडल्समध्ये कान्सुई नावाचं अल्कलीवालं पाणी असतं, त्यानेच तो पिवळसर रंग आणि दाताला लागणारा चिवटपणा येतो, पण गरम सूपमध्ये नुसत्या पडून राहिल्या की पाच-सात मिनिटांत तो जायला लागतो. माझा शोयू चांगला होता, सूप स्वच्छ, चिकनचा वास छान, अंड्याचा बलक अर्धवट पातळ आणि सोया सॉसमध्ये मुरलेला. फक्त मीठ पुढे होतं. बाऊलच्या तळाशी आधी तारे घालतात, म्हणजे सगळा खारटपणा ज्यात असतो तो अर्क, तो माझ्यात चमचाभर जास्त पडला असावा.

मग तिचा आला आणि मी एक घोट घेतला आणि खरंच गप्प झाले. मांस नाही मासा नाही आणि तरी इतकं भरलेलं सूप! याचं कारण आहे म्हणजे. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. सुक्या शिताकेत ग्वानिलेट नावाचा दुसरा पदार्थ असतो, आणि हे दोन एकत्र आले की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीने वाढते. जपानमधल्या बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण याच जोडीवर उभं आहे, म्हणजे हे शाकाहाऱ्यांसाठी केलेलं तडजोडीचं सूप नाहीच, जुनी आणि पूर्ण पद्धत आहे. पण वेळ द्यावा लागतो, शिताके गार पाण्यात बराच वेळ भिजवायचे, आणि कोंबू खळखळून उकळू द्यायचा नाही नाहीतर सूप कडवट आणि बुळबुळीत होतं. इथे दोन्ही नीट केलेलं कळत होतं. वर भाजलेला मका, लोण्याचा छोटा तुकडा, कांद्याची पात. मिसो रामेन मूळचा सप्पोरोचा, थंडीच्या प्रदेशातला, तिथे मका आणि लोणी घालतातच.

तिने मला तिच्या बाऊलमधल्या तळलेल्या टोफूचा तुकडा दिला तो माझ्या ताटलीत ठेवून. चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये द्यायचं नसतं, जपानमध्ये अंत्यविधीनंतर अस्थी तशा उचलून देतात. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

सुशी मात्र इथे घेऊ नका. मी साल्मन निगिरी (भाताच्या गोळ्यावर माशाचा काप) घेतली, मासा ठीक होता पण भात फ्रिजमधून काढल्यासारखा गार आणि टणक. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगरचा भातच, तो अंगाइतका कोमट आणि तोंडात गेल्यावर दाणा दाणा सुटा होणारा हवा, तोच बिघडला तर वर काहीही ठेवा. वासाबी, म्हणजे सुशीसोबतची ती हिरवी झणझणीत चटणी, पण हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाची रंगवलेली, पण ती जगभर बहुतेक ठिकाणी तशीच असते त्यामुळे त्याचं मला काही नाही.

बसायची जागा दाटीची आहे, शेजारच्याचं कोपर लागतं, आणि गर्दी वाढली की गाण्यांचा आवाज पण वाढवतात, ते नको वाटलं. सर्व्हिस शेवटपर्यंत छान.

मालकांनी हे वाचलं तर एकच कळकळीची विनंती. तो मुलगा जे तोंडी सांगतो ते मेनूवर छापा, कशात कात्सुओबुशी आहे आणि काय कोणत्या तेलात तळता. त्याची सुट्टी असेल त्या दिवशी कोणी शाकाहारी माणूस अगेदाशी टोफू मागवेल आणि त्याला कोणीच थांबवणार नाही. मैत्रिणीने निघताना बाऊल दोन्ही हातांनी उचलून तळाचं सूप संपवलं, बऱ्याच वर्षांनी काही न विचारता, आणि पुढच्या शनिवारचं टेबल तिनेच सांगून ठेवलंय.